घरातलं सुरूचं झाड

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा होड्यांना डोळे रंगवायचे आणि त्या डोळ्यांनी होड्यांना खरंच दिसायचं. समुद्रकाठी एक गाव होतं. गावात माणसं बोलायची, कोंबड्या बोलायच्या आणि शेळ्याही बोलायच्या. कुणाला त्याचं नवल वाटत नसे, कारण शेळ्या बोलून बोलून बोलणार काय, तर आजचा पाला कडू आहे.

नाताळ आला की त्या गावात घरोघरी किनाऱ्यावरचं सुरूचं झाड कापून आणायचे. झाड सजवायचा एक नियम होता. घरातल्या प्रत्येकाने आपल्या हाताने त्यावर एक वस्तू टांगायची. कुणी शंख, कुणी करवंटीचा दिवा, कुणी कागदाची चांदणी. तान्ह्या बाळाच्यासुद्धा मुठीत दोरा देऊन टांगून घ्यायचे. सण संपला की झाड उतरवायचं आणि आंघोळीचं पाणी तापवायला चुलीत घालायचं. पण घरातल्या एकाचं जरी टांगायचं राहिलं असेल, तर झाड उतरवायचं नाही. एकदा एक आजोबा रुसून बसले, तर त्या घरातलं झाड आंबे उतरेपर्यंत तसंच उभं होतं. शेवटी आजोबांनी आपली टोपी टांगली आणि प्रकरण मिटलं.

या गावात, बंदराच्या वाटेवरच्या पहिल्याच घरात इनास राहायचा. त्याची केळीची वाडी होती. हात असा, की त्याने कपडे वाळत घालायला रोवलेली काठीसुद्धा पालवायची. घरात त्याची बायको आनामाय, मुलगा कैतान आणि एक शेळी. आनामायला शिस्त फार. तिने शेळीलाही शिकवलं होतं, की तोंडात घास असताना बोलू नये. शेळी ते पाळायची. त्या गावात इतकं वळण लागलेली दुसरी शेळी नव्हती.

एका नाताळाला कैतानने स्वतः चांदणी केली. मिसरूड फुटायचं वय. बांबूच्या कामट्या तासल्या, खळ केली, कागद चिकटवला. पण एक पाय लांब झाला, दोन वाकडे झाले, आणि मधेच एक जास्तीचा पाय कुठून आला ते त्यालाही कळलं नाही. तरी तो खूश होता. शेजारपाजारचे झाड बघायला जमले होते, तेव्हा त्याने ती चांदणी बापाला दाखवली.

इनासने ती हातात फिरवून फिरवून पाहिली.

"कैतान," तो म्हणाला, "ही चांदणी आहे की खेकडा? झाडावर कशाला, कालवणातच टाकू की."

सगळे हसले. इनास सगळ्यात जास्त वेळ हसला. आनामाय हसली नाही.

कैतानने चांदणी काखेत मारली आणि बंदराकडे चालायला लागला. पोटात कावळे ओरडले की येईल परत, असं सगळ्यांना वाटलं. बंदरात एक गलबत लागलं होतं. सणाचं जेवण वाढेपर्यंत ते गलबत गेलं होतं, आणि कैतानही.

सण संपला. घरोघरची झाडं उतरली. इनासच्या घरातलं उतरेना, कारण कैतानचं टांगायचं राहिलं होतं.

कापलेला सुरू किती दिवस टिकणार? आठवड्यात काड्या गळायला लागल्या. पोरगं परत यायचं आणि खराट्याला चांदणी टांगायचं, हे काही बरं दिसणार नाही, असं इनासला वाटलं. मग त्याने कुणी केलं नव्हतं ते केलं. किनाऱ्यावरून एक कोवळा सुरू मुळांसकट, मातीच्या गड्ड्यासकट उपटून आणला, घरातली जमीन खणली आणि तो आत लावला. जुन्या झाडावरच्या वस्तू नव्यावर टांगल्या, म्हणजे झाड तेच, असं त्याने ठरवलं. पाद्रीबाबांना विचारलं. त्यांना एका लग्नाला जायला उशीर होत होता. ते चालेल म्हणाले.

पण घरात झाडाला जागा कुठली? चुलीची जागा चुलीला हवी. देवाच्या कोनाड्यापुढे गुडघे टेकायला जागा हवी. नवरा-बायकोला निजायला जागा हवी. घरात एकच कोपरा रिकामा होता. तिथे कैतानची चटई असायची. तिथे आता कुणी झोपत नव्हतं. इनासने झाड तिथे लावलं.

इनासच्या हातचं झाड ते. ते वाढायला लागलं.

पहिल्या पावसाळ्यात ते आढ्याला लागलं, तेव्हा इनासने चार कौलं काढली. मग अजून काढली. पाऊस घरात यायला लागला, तर तो म्हणाला, बरं झालं, पाणी घालायला नको. पेटी बाहेर गेली. पाटा-वरवंटा बाहेर गेला. एक फांदी नेमकी दारातून बाहेर वाढली, आणि दार कायमचं अडलं. ती तोडली असती, पण तिच्यावर आनामायने टांगलेली शिंपली होती. वस्तू टांगलेली फांदी तोडणं म्हणजे झाड उतरवणंच झालं. तेव्हापासून नवरा-बायको खिडकीतून ये-जा करायला लागली. लोक विचारायचे, तर इनास म्हणायचा, खिडकीला वारा छान येतो.

एके दिवशी आनामाय झाडाकडे बघत म्हणाली, "अहो, आपण पोराच्या अंथरुणावर झाड लावलंय. तो आला तर झोपेल कुठे?"

"आधी येऊ तर दे," इनास म्हणाला. "आला की टांगेल. टांगलं की झाड उतरवू. उतरवलं की जागाच जागा."

हे इतकं बरोबर होतं, की आनामायला त्यात चूक काढता आली नाही. शेळीला आली.

"आणि आत येईल कुठून?" ती म्हणाली. तोंडात घास नव्हता.

पण शेळीचं कोण ऐकतं?

हळूहळू त्या झाडाचं नाव झालं. नाताळ नसतानाही सजलेलं झाड, तेही छप्पर फोडून वर आलेलं. परगावाहून लोक बघायला यायचे. येताना काहीतरी टांगायला आणायचे. इनास त्यांना झाडाभोवती फिरवायचा, कुठला शंख कुठल्या खाडीतला ते सांगायचा. एकदा तर राजासुद्धा आला. त्याने खिडकीतून डोकं आत घातलं, सुंदर आहे म्हणाला. डोकं बाहेर काढताना मुकुट फांदीत अडकला. तो तिथेच राहिला. राजा तसाच गेला.

इनासला वाटायचं, हे सगळं कैतानसाठी चाललंय. आणि आधी आधी ते खरंही होतं.

मग एकदा एक खलाशी निरोप घेऊन आला. कैतान दूरच्या बंदरात आहे, बरा आहे. यायचं म्हणतो. फक्त एक विचारत होता, बाबा अजून हसतात का.

आनामायने हातातलं काम खाली ठेवलं. इनासने घसा खाकरला. त्याला पुष्कळ सांगायचं होतं. मी हसलो ते चुकलं, असं सांगायचं होतं. पण खलाशी अनोळखी, खिडकीपाशी चार बघे उभे, आणि जीभ मेली जड.

"त्याला सांग," तो म्हणाला, "या वेळी झाड बघण्यासारखं झालंय."

खलाशी मान हलवून गेला.

"त्याने झाडाचं विचारलं नव्हतं," आनामाय म्हणाली.

त्या वर्षी कैतान आला नाही. पुढच्याही वर्षी नाही.

आनामाय थकली. तोवर घरात एक माणूस कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपेल एवढीच जागा उरली होती. ती तिथे तशी झोपायची. इनास गोठ्यात शेळीपाशी निजायचा. शेवटच्या दिवसांत तिने औषध मागितलं नाही, पेज मागितली नाही. एकदा पाय पसरून झोपायचंय, एवढंच म्हणायची. इनास म्हणायचा, कैतान येऊ दे, झाड उतरलं की पसर हवे तेवढे.

तिला खिडकीतूनच बाहेर काढावं लागलं. गावातल्या माणसांनी हळू धरली, तरी केसांत सुरूच्या काड्या राहिल्या. कबर खणणाऱ्याने लांबी नीट मोजून घेतली होती. इतक्या वर्षांनी आनामायचे पाय सरळ झाले.

त्यानंतर इनास गोठ्यातच राहायला लागला. शेळी त्याला पाहुणे म्हणायची.

"पाहुणे, पाय आवरा," ती म्हणायची. "तुमचं घर मोठं आहे म्हणतात. तिथे का नाही जात?"

इनास पाय आवरून घ्यायचा. तो आता झाडासारखाच झाला होता. वारा आला की थोडासा हलायचा.

असे किती नाताळ गेले कोण जाणे. पुढे एका नाताळाच्या सकाळी सगळं गाव चर्चमध्ये गेलं होतं. इनासने शेळीला दोन कवळे भरून शेवग्याचा पाला घातला. सणाला तिला दुप्पट घालायचा, हा आनामायचा नियम होता. मग कंदील कमरेला बांधला आणि झाडावर चढला. झाडाच्या शेंड्याला मोठा कंदील बांधायचा, म्हणजे समुद्रावरून दिसेल, हे त्याच्या बरेच दिवस मनात होतं. म्हातारा माणूस, एका फांदीवर चढायचा आणि दोन फांद्यांचा दम खायचा. शेंड्याला पोचला तेव्हा सुरू वाऱ्याने गात होता. सुरू गायला लागला की दुसरं काही ऐकू येत नाही. समुद्रसुद्धा नाही.

वरून त्याला बंदराची वाट दिसली. वाटेवरून एक माणूस येत होता. धिप्पाड, दाढीवाला, पाठीला बोचकं. तो इनासच्या घरापाशी थांबला, मान वर करून झाडाकडे बघत राहिला, झाडाभोवती एक चक्कर मारून आला.

बघायला आलेला दिसतो, इनासच्या मनात आलं. मग त्याने ते बोचकं पाहिलं. नाही, हा घरी निघालाय. कुणाचं तरी पोर सणाला घरी निघालंय. नशीबवान घर. आणि तो परत कंदिलाची गाठ मारायला लागला.

गाठ पक्की बसल्यावर त्याने खाली पाहिलं. माणूस बंदराकडे परत चालला होता.

इनास उतरायला लागला. उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला. खाली आला, तर दारातून बाहेर आलेल्या फांदीवर, आनामायच्या शिंपलीच्या शेजारी, काहीतरी नवीन टांगलेलं होतं. कागद पिवळा पडलेला, कडा खारट पाण्याने आखडलेल्या. एक पाय लांब, दोन वाकडे, आणि मधेच एक जास्तीचा.

शेळी बाजूलाच उभी होती. तिचा जबडा सावकाश हलत होता. इनास तिच्याकडे बघत राहिला. ती चावत राहिली. शेवटी तिने घास गिळला.

"कैतान आला होता," ती म्हणाली.

इनासने चांदणीला हात लावून पाहिला.

"दार शोधत होता. सापडलं नाही. बाबा, बाबा म्हणून दोनदा हाक मारली. आई म्हणून एकदा. मग माझ्याकडे वळला. म्हणाला, इथे घर होतं, त्यातली माणसं आहेत की गेली?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काही नाही," शेळी म्हणाली. "तोंडात घास होता."

इनास तिथेच खाली बसला.

"तो थांबला होता थोडा वेळ," शेळी म्हणाली. "मग म्हणाला, गेली असणार, झाड किती मोठं झालंय. चांदणी टांगली. गलबत भरतीला निघणार म्हणाला आणि गेला. पाला जरा कडू होता. लवकर गिळवेना."

इनास उठला आणि धावला. म्हाताऱ्या माणसाला जमतं तसं धावला. बंदरावर पोचला तेव्हा शीड शिंपलीएवढं झालं होतं. त्याने कैतानला हाका मारल्या. मागे सुरू गात होता. सुरू गायला लागला की दुसरं काही ऐकू येत नाही. गलबताच्या पुढच्या टोकावर रंगवलेले डोळे पुढेच बघत होते.

तो परत आला. आता नियमाप्रमाणे घरातल्या सगळ्यांचं टांगून झालं होतं. सण संपला तसं इनासने झाड उतरवलं. गावातली माणसं मदतीला आली. शंख, दिवे, राजाचा मुकुट, सगळं खाली आलं. लाकूड घरोघर वाटलं, आणि गावाने कितीतरी दिवस कढत पाण्याने आंघोळ केली. सगळे म्हणाले, चांगलं लाकूड होतं.

दार उघडलं. इनासने बुंधा खणून काढला, खड्डा भरला, जमीन चोपून शेणाने सारवली. सुकल्यावर तिथे कैतानची चटई अंथरली. उशाशी ती चांदणी ठेवली. घरात आता चार माणसं पाय पसरून झोपतील एवढी जागा होती.

तो दारात बसून राहिला. शेळी आत डोकावली, चटईकडे बघितलं, आणि काही न बोलता त्याच्या शेजारी येऊन बसली. तिच्या तोंडात घास नव्हता.

तात्पर्य: ज्याची वाट बघता, त्याच्यासाठी घर कमी सजवलं तरी चालेल, दार आणि अंथरूण मात्र मोकळं ठेवा.