कंपनीच्या दारातली भिक्षा

"...ते सगळं सोडा बाबा. कंपनी परत येईल का नाही, तेवढं सांगा."

बाबा गावात भिक्षा मागून राहणारा. चुलीत काटकी सारत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

विचारणारा खानझोडे साहेब. आमच्या फाट्यावरच्या रेल्वे मालधक्क्याचा अधिकारी. जीपमधून उतरला तेव्हा मागं ड्रायव्हरच्या डोक्यावर तांदळाचं पोतं होतं. देवळात नारळ न्यावा तसं.

मी बाबाच्या झोपडीच्या सावलीला बसलो होतो. मी धक्क्यावरच्या हमालांचा मुकादम. काम उरलं नव्हतं, बसणार कुठं?

कंपनी म्हणजे सिमेंटची. होती तोवर रोज गाडी भरून जायची. जमिनीतला चुनखडक संपला, अन् एका उन्हाळ्यात यंत्रं उचलून कंपनी दुसऱ्या मुलखात गेली. रूळ इथंच राहिला. रुळाला काय पाय असतात? आता त्यावर शेळ्या बसतात.

वरून हुकूम आला होता. पोळ्यापर्यंत माल दिसला नाही तर धक्का बंद, रूळ उखडायचा. हमाल घरी. साहेबाला कुठं फेकतील ते साहेबालाच ठाऊक.

अजून एक गोष्ट सांगितली पाहिजे. कंपनी येण्याआधी धक्क्याला एक धाकटं फाटक होतं. मिरची, हिरडा, बांबूची टोपली, मडकी, असला थोडा थोडा माल घेऊन लोक त्यातून यायचे. सगळ्यांचं मिळून डबे भरायचे, डब्यांची गाडी व्हायची. कंपनी आली अन् याच साहेबानं त्या फाटकाला कुलूप घातलं. म्हणाला, "मूठ-मूठ मालाला मला वेळ नाही. अख्खी गाडी भरणार असाल तर या." किल्ली स्वतःच्या जुडग्यात ओवली.

लोक गेले. पुन्हा आले नाहीत. मला हा माणूस तेव्हाही आवडत नव्हता.

"बाबा, मी काय करायचं बाकी ठेवलं?" साहेब म्हणाला. "त्यांच्या मालकाच्या बंगल्यावर गेलो. हाकलून दिलं, तरी पुन्हा गेलो. भाडं कमी करवून आणतो म्हणालो. आता तुमचा शब्द पाहिजे."

"पोतं कशाला आणलं?"

"तुमच्यासाठी. महिनाभर दारोदार फिरायला नको."

"मूठभर काढून ठेव. बाकीचं घेऊन जा."

साहेब हसला. "मूठभर काय देऊ तुम्हाला? माझीही काही इज्जत आहे."

बाबाचा नेमच तसा होता. प्रत्येक दारातून एक मूठ. कोणी दोन टाकल्या तर एक परत द्यायचा. सावकाराचं घर असो का मजुराचं, मूठ तीच. ज्याच्या घरी काही नसेल त्याच्याकडून मिठाची चिमूट घ्यायचा, पण दार चुकवायचा नाही. गाव त्याला खुळा म्हणायचं. मीही म्हणायचो.

बाबा उठला. खुंटीवरची झोळी काढली अन् साहेबापुढं धरली.

"पाय सुजलाय माझा. आज झोळी तू घे."

मला वाटलं, आता हा जीपमध्ये बसून जातो. पण गरजवंताला अक्कल नसते. साहेबानं इस्त्रीच्या शर्टावर झोळी अडकवली. गंमत बघायला मीही मागं निघालो.

गावाकडं वळायचं सोडून बाबा उलटा वळला. लंगडत थेट कंपनीच्या फाटकापुढं जाऊन उभा राहिला.

एवढं मोठं लोखंडी फाटक. नारळाएवढं कुलूप. आत बेशरमाची झुडपं माजलेली.

बाबानं आवाज दिला, "भिक्षा वाढा माय!"

...

कोण वाढणार?

"भिक्षा वाढा माय!"

साहेब चुळबुळला. "बाबा, इथं कोणी नाही."

"झोळी नीट धर. तोंड उघडं ठेव तिचं."

"अहो, ओसाड पडलंय सगळं."

"दार केवढं आहे बघ की. हे देईल तेव्हा पोटभर देईल."

"देणारं कोण राहिलंय?"

"इथून गाड्या भरून निघायच्या ना रे?"

"निघायच्या! तेव्हा निघायच्या!"

"मग?" बाबानं पुन्हा हाक मारली. या खेपेला त्याचा आवाज चिरकला. फाटकावरचा कावळा तेवढा उडाला.

ऊन चढत होतं. साहेबाची मान घामानं भिजली. बाबा हलेना. हाक मारायचा, थांबायचा, पुन्हा हाक मारायचा. शेवटी साहेबाचा पारा चढला.

"अशानं उपाशी मराल तुम्ही! तिकडं गावात चुली पेटल्यात. मिरचीवाल्या लीलाबाईचं दार उघडं आहे. बुरडाचं उघडं आहे, कुंभाराचं उघडं आहे. तिथं मूठ-मूठ मिळतेय, ती सोडून तुम्ही या कुलपापुढं..."

...

तोंड उघडंच राहिलं त्याचं.

बाबानं पायावरची धूळ झटकली अन् गावाकडं चालू लागला.

लीलाबाई ओसरीवर मिरच्या खुडत बसली होती. सगळी ओसरी लाल. साहेबाच्या खांद्यावरची झोळी पाहून ती मिरच्यांमुळं शिंकली का हसली, कळलं नाही.

"काय जी साहेब, कंपनी गेली तं भीकच लागली का?"

साहेबाचे कान तापले. "भिक्षा वाढा बाई."

"पोतंभर नाही बाप्पा आमच्याकडं. मूठ आहे. मुठीले तुमाले वेळ नसते, म्हणून इचारून घेतलं."

ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

साहेबानं बाबाकडं पाहिलं. बाबा पिंपळाकडं बघत होता. साहेबानं झोळीचं तोंड उघडून पुढं केलं.

लीलाबाईनं मूठभर तांदूळ टाकला. त्यावर दोन मिरच्या टाकल्या. मग हात पुसत म्हणाली, "माल पडला आहे माह्याकडं. ट्रकवाला अर्धी मिरची पावसाच्या पाण्यात भिजवून पोचवते. तुमच्या गाडीत जागा निघन का?"

साहेबानं घसा खाकरला. "किती पोती आहेत?"

"सांगतलं ना. मूठभर."

पुढं बुरडाच्या दारात तुरीची डाळ मिळाली. कुंभारणीनं ज्वारीच्या कण्या टाकल्या अन् म्हणाली, "माही मडकी तुमच्या फाटकातून गेली नाहीत, आज तुमचीच झोळी माह्या फाटकात आली." एका घरात मीठ तेवढं होतं, तेही घेतलं. कोणी दाणा दिला, कोणी टोमणा. बहुतेकांनी दोन्ही. साहेब प्रत्येक दारात झोळी उघडत होता, अन् शेवटी शेवटी न सांगता स्वतःच विचारायला लागला, "तुमचा माल आता कशानं जातो?"

झोपडीवर आलो. बाबानं झोळी पातेल्यात रिकामी केली. तांदूळ, कण्या, डाळ, मीठ, सगळं एकत्र. पाणी ओतलं. लीलाबाईच्या मिरच्या मोडून टाकल्या.

साहेब खाली मातीत बसला होता. शेजारी त्याचं पोतं. त्यानं त्याकडं एकदा पाहिलं. मग पोत्याचं तोंड सोडलं, एक मूठ भरली अन् पातेल्यात टाकली.

बाबानं झाकण ठेवलं.

मग साहेबानं खिशातलं जुडगं काढलं. एक किल्ली सुटी केली अन् माझ्यापुढं टाकली.

"मुकादम, धाकटं फाटक उघडा."

"कुलूप गंजलंय साहेब. किल्ली फिरायची नाही."

"मग तोडा."

मी किल्ली उचलली. उठलो मात्र नाही. खिचडीचा वास सुटला होता.

पण साहेब तो साहेबच. डोक्यातला किडा गप्प बसेना.

"बाबा, फाटक उघडेन मी. लोकांच्या दारी जाईन, हातही जोडेन. पण असल्या मुठींनी अख्खी गाडी भरते का कुठं? अन् वर काय सांगू, ही गाडी कोणाची म्हणून? कंपनी होती तेव्हा एका नावात काम व्हायचं."

...

बाबानं झाकण काढलं. थाळीत खिचडी वाढली. थाळी साहेबापुढं सरकवली.

साहेबानं एक घास खाल्ला. फुंकर मारून दुसरा खाल्ला. मग बोलणं विसरून खातच राहिला.

"चांगली झालीय," तो म्हणाला.

बाबानं विचारलं, "कोणाच्या घरची आहे?"