वेळूला दिलेला शब्द

एका गावात एक राजा होता आणि त्याच गावात एक बुरडीण होती. राजाचं नंतर सांगते, त्याला काही घाई नाही. बुरडिणीचं नाव यसाबाई. बुरूड म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? वेळूच्या, म्हणजे आपल्या बांबूच्या, कामट्या काढून सुपं-टोपल्या विणणारे. पाय आत घे रे, तिचं पांघरूण ओढतोयस. आणि मध्ये मध्ये हुं म्हणत जा, नाहीतर मी भिंतीला गोष्ट सांगतेय असं वाटतं मला.

तर यसाबाईच्या घरामागं, ओढ्याच्या काठाला वेळूचं मोठं बेट होतं. आणि ते बेट बोलायचं, बरं का. सगळ्यांशी नाही, फक्त कोयता घेऊन येणाऱ्याशी. यसाबाई गेली की सगळी पानं सळसळायची आणि आतून आवाज यायचा, "काय होऊ? कुणाकडे जाऊ?" मग यसाबाई सांगायची, "रोवळी हो. कासाराच्या सुनेकडे जा. रोज तांदूळ धुवील ती तुझ्यात." मग एक जून वेळू आपणहून खाली वाकायचा. तेवढाच तोडायचा. कोवळ्याला हात लावायचा नाही आणि बेटाशी खोटं बोलायचं नाही. सासूनं तिच्या हाती कोयता दिला, तेव्हा एवढंच सांगितलं होतं.

आता राजा. राजाला सगळं नवंकोरं लागायचं. सकाळचा अंगरखा संध्याकाळी नको, आजचं आसन उद्या नको. वापरलं की दे फेकून. तसा माणूस वाईट नव्हता हो. त्याला लहानपणापासून कुणी 'पुरे' म्हटलं नव्हतं, एवढंच. आपल्यातल्या एकाची परवाची लाल मोटार कुठे गेली, विचारू का मी? बरं, राहू दे.

त्या वर्षी यसाबाईची लेक तुळसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. यसाबाईला काय आनंद! बुरडांच्या घरी रीत अशी, की बाळ जन्मलं की आधी सुपात ठेवायचं, आणि ते सूप आईच्या आईनं विणलेलं पाहिजे. दुसऱ्याचं चालायचं नाही. "निवांत विणीन," यसाबाई म्हणायची. "अजून अवकाश आहे."

इतक्यात राजाचा शिपाई आला. म्हणाला, "बाई, राजाच्या बागेत फुलांचा सोहळा आहे. परड्या हव्यात, पुष्कळ. बदल्यात तूप, गूळ, खोबरं, मागाल ते." यसाबाईच्या मनात आलं, लेकीला डिंकाचे लाडू होतील. ती बेटाकडे गेली. "काय होऊ? कुणाकडे जाऊ?" "परडी हो. राजाच्या घरी जा. तुझ्यात फुलं ठेवतील." मग वेळू वाकले. मग परड्या झाल्या आणि सोहळाही झाला. चार दिवसांनी यसाबाई बाजाराला निघाली, तर राजवाड्यामागच्या नाल्यात तिच्या सगळ्या परड्या पडलेल्या. एकदाच वापरलेल्या. राजाला काय बोलणार? ती तशीच पुढे गेली.

मग शिपाई पुन्हा आला. आता लाडवांसाठी टोपल्या हव्यात, पाहुणे यायचेत. यसाबाईला ठाऊक होतं, याही नाल्यातच जाणार. पण घरात तूप संपत आलेलं, लेकीचे दिवस भरत आलेले. ती बेटाकडे गेली. "काय होऊ? कुणाकडे जाऊ?" यसाबाई जरा घुटमळली. मग मान खाली घालून म्हणाली, "टोपली हो. राजाच्या घरी जा. लेकीसुनांच्या हाताखाली जुनी होशील." बेटानं विश्वास ठेवला. वेळू वाकले.

मग काय झालं ऐका. टोपल्या विणल्या, झकास, कुठे भोक नाही की फट नाही. राजवाड्यात त्यांत लाडू भरले. आणि लाडू गेले की खाली! टोपली अख्खी, आणि लाडू जमिनीवर. पुन्हा भरले, पुन्हा खाली. सगळ्या दरबारात लाडू गडगडताहेत आणि शिपाई रांगत त्यांच्या मागं. हसा, हसा. राजाही पोट धरधरून हसला. मग म्हणाला, "फेका या टोपल्या. तिला सांगा, दुसऱ्या आण."

शिपायानं हे सांगितलं, यसाबाई मात्र हसली नाही. टोपली का धरत नाही, ते तिला बरोबर कळलं. खोट्या शब्दावर विणलेली टोपली कशी धरणार? ती शिपायाला म्हणाली, "राजाचं मागाहून बघू. आधी माझ्या लेकीचं सूप." ती कोयता घेऊन बेटात शिरली आणि उभी राहिली. पण बेट गप्प. एक पान हललं नाही. तिनं आपणहून सांगितलं, "सूप हो रे. माझ्या नातवंडासाठी हवंय." तरी गप्प. तिनं एका वेळूवर कोयता टेकवला, तर धार पाण्यावरून सरकावी तशी सरकली. यसाबाई मटकन खाली बसली आणि रडली. घरात तुळसा कण्हायला लागली होती, सुईण तिच्यापाशी येऊन बसली होती.

मग तिनं डोळे पुसले. म्हणाली, "मी बोलले ते खोटं होतं. आता खरं करून दाखवते." आणि तडक निघाली ती नाल्याकडे. पदर खोचला, चिखलात उतरली आणि एकेक परडी, एकेक टोपली वर काढायला लागली. तेवढ्यात वरून राजाची स्वारी चालली होती. राजानं खाली वाकून विचारलं, "यसाबाई, कचऱ्यात काय करताय?"

"महाराज, मी वेळूशी खोटं बोलले," यसाबाई म्हणाली. "म्हटलं होतं, जुनी होशील. आणि तुम्ही जुनं होऊच देत नाही काही." राजाला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. मग त्यानं जोडे काढले आणि तोही चिखलात उतरला. एक टोपली उचलली, पुसली आणि उलटसुलट करून बघत बसला. म्हणाला, "केवढं बारीक काम आहे हे. मी पाहिलंच नव्हतं." "पाहत बसू नका," यसाबाई म्हणाली, "ती पलीकडची द्या इकडे." आणि राजानं दिली, बरं का.

मग दोघांनी त्या धुतल्या. यसाबाईनं कडा बांधल्या, उसवलेलं विणलं. फुलं विकणाऱ्या माळणीला परड्या दिल्या, कोंबड्यावाल्या म्हातारीला अंडी ठेवायला टोपली दिली, आणि ज्याच्या घरी जे नव्हतं ते त्याला. राजा डोक्यावर ओझं घेऊन मागून. म्हातारीनं अंडी ठेवली तेव्हा यसाबाईनं टोपलीखाली ओंजळ धरली. अंडी टोपलीत राहिली. राजानं एक टोपली स्वतःसाठी मागून घेतली. उरले ते निव्वळ तुकडे. यसाबाईनं त्यांतल्या धड कामट्या निवडल्या आणि धावत घर गाठलं.

अंगणात बसून ती सूप विणायला लागली. विणता विणता हळूच सांगत होती, "सूप हो. माझ्या नातवंडाला निजव. मग तांदूळ पाखड. झिजलंस तर सारवीन, उसवलंस तर बांधीन. टाकणार नाही." शेवटची गाठ मारली आणि आतून बाळाचा ट्यँहा आला. मुलगी झाली. सुईण ओरडली, "यसाबाई, सूप आणा." यसाबाई सूप घेऊन दारातच थबकली. फसवलेल्या कामट्या त्या. बाळ खाली गेलं तर? तिनं आधी मूठभर तांदूळ सुपात टाकले आणि डोळे मिटले. उघडले, तर एक दाणा खाली नाही. मग तिनं नातीला अलगद सुपात ठेवलं. नातीनं एक जांभई दिली आणि झोपली.

सकाळी यसाबाई बेटाकडे गेली, रिकाम्या हातानं. तरी पानं सळसळली. "काय होऊ? कुणाकडे जाऊ?" "आज काही नको," यसाबाई म्हणाली. "नात झाली, एवढंच सांगायला आले." तर अख्खं बेट तिच्यापुढे वाकलं. तिला फार बरं वाटलं.

पुढं राजा दर वर्षी तीच आपली टोपली घेऊन यायचा, कड बांधून घ्यायला. आणि नात मोठी झाली, तिची लेक त्याच सुपात निजली. मिटले ना डोळे? आता नवी गोष्ट मागायची नाही. एकदा सांगितली म्हणून काय टाकून द्यायची गोष्ट? हीच पांघरा, आणि झोपा.