काळी रेघ

हत्यारांना वाचा होती, त्या काळातली गोष्ट. गडाखालच्या बाजारात संतू लोहाराच्या दुकानात चांदीच्या मुठीची कट्यार आणि बाभळीच्या मुठीची सुरी शेजारी शेजारी असायच्या. सुरीचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं होतं. मुठीच्या दोन फळ्यांमधून त्याची काळी रेघ दिसायची.

“तुझं आतलं सगळं बाहेर दिसतं,” कट्यार हसायची. “जरा झाकून तरी घ्यायचंस.”

त्या दिवशी सुरी खपली नाही तर संध्याकाळी भट्टीत घालून तिचे नाल करायचे, असं संतूने ठरवलं होतं.

दुपारी रायाजी पहारेकरी आला. त्याला रानातल्या चौकीवर जायचं होतं. “काका, एकच घेणार. मोडली तर दुसरी घ्यायची ऐपत नाही.”

“मग पारखून घे,” म्हणत संतूने ओंडका पुढे सरकवला. गिऱ्हाइकाने आधी ओंडक्यात रोवून बघायचं, ही त्याच्या दुकानाची रीतच होती.

रायाजीने कट्यार रोवली आणि मुठीवर भार टाकला. मूठ हातात आली, पातं ओंडक्यातच राहिलं. मुठीच्या आत पोलाद जेमतेम नखाएवढं होतं.

मग त्याने सुरी रोवली आणि तिच्यावर चक्क उभा राहिला. सुरी हललीसुद्धा नाही. काळ्या रेघेवरून अंगठा फिरवत तो म्हणाला, “ही द्या. हिच्यात काय आहे ते दिसतंय तरी.”

संध्याकाळी भट्टीत कट्यारीचं पातं गेलं. लालबुंद झाल्यावर ते हळूच म्हणालं, “काका, या वेळी मला मुठीच्या टोकापर्यंत ओढा. थोडं बाहेर दिसलं तरी चालेल.”