ज्याच्याकडून ऐकले, त्याच्या मागे

एकदा एक अख्खे गाव भर दुपारी काठ्या घेऊन घराबाहेर पडले. कोणाच्या हातात कुऱ्हाड होती, कोणाच्या खांद्यावर वाळलेल्या कडब्याची पेंढी होती. कडबा कशासाठी, हे कोणी कोणाला विचारले नाही. तळ्याच्या काठी माळावर भटक्या लोकांची आठ पाले पडली होती, आणि पाल पेटायला फारसा कडबा लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होते.

ही पालावरची माणसे शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधून विकत. दर वर्षी याच दिवसांत येत, पंधरा दिवस राहत आणि पुढच्या गावाला जात. गावातल्या प्रत्येक घराचा केर त्यांच्याच केरसुणीने निघत असे. त्यांच्यातल्या एकाचेही नाव मात्र गावाला ठाऊक नव्हते.

झाले होते ते असे. गेनबा नावाच्या माणसाच्या दोन म्हशी एका रात्रीत मेल्या. त्याच पहाटे शेजारच्या आळीतली एक गाभण म्हैस गेली. जनावर मेले की माणसाला दोन प्रश्न पडतात. त्याने काय खाल्ले, हा पहिला. आणि हे कोणी केले, हा दुसरा. पहिल्यासाठी गोठ्यात वाकून पाहावे लागते. दुसऱ्याला नुसती जीभ पुरते. गावाने दुसरा प्रश्न उचलला आणि दुपारच्या आत त्याचे उत्तरही मिळवले. पालावरच्या एका बाईने पहाटे तळ्यात विष ओतले. पाहिलेला माणूस आहे. तो कोण, हे नक्की कोणाला सांगता येत नव्हते. पण आहे, एवढे नक्की होते.

गाव आणि माळ यांच्या मध्ये एक मठ होता. तेथे एक वृद्ध साधू राहत. गाव त्यांना बाबा म्हणे. पंचक्रोशीतली पाच गावे त्यांची प्रवचने ऐकत लहानाची मोठी झाली होती. त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे, निदान त्यांच्या तोंडावर तरी. गलका ऐकून बाबा आपल्या शिष्यासह वाटेच्या मधोमध येऊन उभे राहिले. शिष्य तिशीचा होता आणि बारा वर्षे त्यांच्याजवळ राहत होता.

गेनबा सगळ्यांच्या पुढे होता. रडून रडून त्याचे डोळे तांबारले होते. "बाबा, वाट सोडा," तो म्हणाला. "तुमाला धक्का लागंल."

"सोडतो," बाबा म्हणाले. "मीही तुमच्याबरोबर येतो."

शिष्याने चमकून त्यांच्याकडे पाहिले.

"पण आधी ओळ लावा. ही गोष्ट ज्यानं ज्याच्याकडून ऐकली, त्यानं त्याच्या मागे उभं राहायचं. ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तो सगळ्यांत पुढे. पहिली काठी त्यानं घालायची. पाहणाऱ्याचा मान आहे तो."

यात गावाला काही गैर वाटले नाही. मान कोणाला मिळतो याची थोडी उत्सुकताच वाटली. लोक आपापली जागा शोधू लागले आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. निम्म्या पुरुषांनी ही गोष्ट बायकोकडून ऐकली होती आणि बायका घरी होत्या. त्यांना बोलावणे गेले. हातातले पीठ झटकत त्या आल्या आणि एकमेकींच्या मागे उभ्या राहिल्या. दोघे भाऊ एकमेकांच्या मागे जाण्यासाठी गोल फिरू लागले. दोघांचेही म्हणणे, याने मला सांगितले. शेवटी त्यांच्या आईने दोघांना कान धरून आपल्या मागे उभे केले.

आणि गेनबा? घरातून निघताना जो सगळ्यांच्या पुढे होता, तो सरकत सरकत विसाव्या जागी गेला. त्याच्या स्वतःच्या म्हशी कशाने मेल्या, हे त्याला एकोणीस तोंडांतून फिरून कळले होते. त्याने पुढची माणसे एकदा मोजली आणि काठी खाली टेकली.

ओळ लागायला तास गेला. ती मठापासून पार वेशीपर्यंत गेली. पालांपुढे बायामाणसे मुलांना पोटाशी धरून उभी होती. एका बाजूला तळे होते आणि दुसऱ्या बाजूला ही ओळ. पळायला वाट नव्हती.

सगळ्यांत पुढे एकच माणूस उरला. तो गावातला पेंड विकणारा व्यापारी होता.

"शेठ, मान तुमचा," बाबा म्हणाले. "तुम्ही पाहिलंत?"

व्यापाऱ्याने धोतराचा सोगा आवरला. "मी पाहिलं नाही, बाबा. मीही ऐकलंच."

"मग ज्याच्याकडून ऐकलंत, त्याच्या मागे उभे राहा."

"कसा राहू? ते तर तुमच्या शेजारी उभे आहेत."

बाबांनी शेजारी पाहिले. शेजारी शिष्य होता.

बाबा हादरले. बारा वर्षे ज्याला वाणीचा संयम शिकवला, त्याच्या तोंडून निघालेल्या गोष्टीमागे अख्खे गाव कडबा घेऊन उभे होते.

"मी विष म्हणालो नव्हतो," शिष्य कसाबसा म्हणाला. "पहाटे स्नानाला गेलो होतो. पालावरची एक बाई काठाशी बसून वाटीतून काहीतरी पांढरं पाण्यात सोडत होती. मला पाहून तिनं घाईनं पदर ओढला आणि पळाली. मग दिव्याचं तेल आणायला शेठच्या दुकानी गेलो, तर म्हशी मेल्याचं कळलं. तेव्हा बोललो. काय सोडलं कोण जाणे, या लोकांचा भरवसा नाही, एवढंच."

"आणि शेठ, तुम्ही गिऱ्हाइकांना काय सांगितलंत?"

व्यापारी पुन्हा धोतराचा सोगा आवरू लागला. त्याच्या मागे उभी असलेली म्हातारी म्हणाली, "आमाला तर ह्येंनी सांगितलं, इख वतलं. मठातल्या मानसानं डोळ्यानं बगितलं, म्हनले."

बाबांनी ओळीकडे मान वळवली. "गेनबा, तुझ्या म्हशी तळ्यावर पाणी पितात का रे?"

गेनबा हळूच म्हणाला, "न्हाई, बाबा. गोठ्यातच असत्यात. हिरीचं पानी पाजतो."

"मग तळ्यातल्या विषानं त्या कशा मेल्या?"

"ह्ये मला कुनी इचारलंच न्हाई."

"आता मी विचारतो. खाल्लं काय होतं त्यांनी?"

"सरकीची पेंड. परवा नवं पोतं फोडलं. बुरसल्यावानी वास येत हुता. शेठ म्हनले, नव्या मालाला येतोच."

"माझ्याबी म्हशीनं तीच खाल्ली," ओळीतून आणखी कोणीतरी म्हणाले.

व्यापाऱ्याने मान खाली घातली आणि सगळ्यांना सगळे समजले. सकाळी तीन म्हशी मेल्याची बातमी आली, तेव्हाच त्याला आपले पोते आठवले होते. त्याच वेळी शिष्य वाटीतल्या पांढऱ्याची गोष्ट घेऊन दुकानात आला. व्यापाऱ्याने त्यात एकच शब्द घातला. काठ्या पुन्हा वर झाल्या, आता त्याच्यावर. तासभर थकलेल्या हातांना नवा माणूस सापडताच पुन्हा बळ आले, हे पाहून मला तर त्या काठ्यांचीच जास्त भीती वाटते.

"ओळ मोडायची नाही," बाबा म्हणाले. "शेठचा निवाडा उद्या पंचांपुढे होईल. ओळ अजून संपलेली नाही." त्यांनी शिष्याचा हात धरून त्याला व्यापाऱ्याच्या पुढे उभे केले.

मग ते पालांकडे वळले. "पहाटे तळ्यावर कोण आलं होतं?"

एक तरुण बाई पुढे आली. तिचे नाव मी सांगत नाही. तिने तशी अट घातली होती, ती पुढे येईलच. शेजारची म्हातारी तिचा हात ओढत होती, सांगू नको म्हणत होती. बाईने एकवार त्या सगळ्या पुरुषांकडे पाहिले आणि नजर जमिनीला लावली.

"दूध हुतं," ती म्हणाली.

"कसलं दूध, बाई?"

"माजं." ती थांबली. "लेकरू गेलं माजं. मागच्या मुक्कामाला पुरलं त्येला, आठ दिस झालं. दूध थांबंना. छाती दगडावानी झाली. आईचं दूध पायदळी पडू देऊ नये, पान्यात सोडावं, आसं आमच्यात म्हनत्यात. म्हून येरवाळी, कुनी नसतंय तवा गेले. ह्ये आले, तवा अंग झाकलं आन पळाले."

ओळीतली एक बाई मटकन खाली बसली. दोन महिन्यांचे मूल झोळीत टाकून ती काठीवाल्यांच्या ओळीत येऊन उभी राहिली होती. ज्याच्या खांद्यावर कडब्याची पेंढी होती, त्याने ती उतरवून पायांमागे सारली.

बाबांना दुःख झाले होते आणि रागही आला होता, आणि त्यांनी तो लपवला नाही.

"तुला पांढरं दिसलं," ते म्हणाले. "एका बाईच्या हातून पांढरं काही पाण्यात पडताना दिसलं. दूध का नाही सुचलं? आपण सगळे जन्माला आल्यावर तेच प्यायलो ना? विषाची शंका कुठून आली? या लोकांचा भरवसा नाही, हे तू कोणाकडून ऐकलंस? तूही उभा राहा त्याच्या मागे."

शिष्य जागचा हलला नाही.

"सांग."

"जीभ रेटत नाही, बाबा."

"गावापुढे रेटली होती ना? सांग."

"आपल्याकडून."

बाबांना वाटले, आपण चुकीचे ऐकले.

"विवेकावरचं प्रवचन," शिष्य खाली पाहतच म्हणाला. "पांढरं दिसतं ते सगळं दूध नसतं, असं आपण सांगता. आणि मग म्हणता, पालावरच्या बाईनं वाटी पुढे केली, तर आधी मांजराला पाजून बघावी. लोक पोट धरून हसतात. मी बारा वर्षं ऐकतोय. मीही दर वेळी हसतो."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. आधारासाठी त्यांनी हात पुढे केला, आणि ज्याच्यावर ते आत्ता रागावले होते त्याच शिष्याने तो धरला. थोड्या वेळाने त्यांनी हात सोडवून घेतला, चार पावले चालले आणि शिष्याच्या पुढे, ओळीच्या अगदी टोकाला, जाऊन उभे राहिले.

"माझ्यापुढे कोणी नाही," ते म्हणाले. "पालावरच्या बाईनं कोणाला विष पाजलं, असं कधी घडलं नव्हतं. मला कोणी सांगितलंही नव्हतं. तीस वर्षांपूर्वी एका गावात प्रवचन रंगेना. लोक जांभया देत होते. तेव्हा ते वाक्य मला सुचलं. लोक हसले, म्हणून पुढच्या गावातही सांगितलं. मग सांगतच राहिलो. मला वाटायचं, मी विवेक शिकवतोय. विवेक तुम्ही मठात ठेवून गेलात आणि विनोद तेवढा घरी नेलात. तुम्हाला काय बोलू? हलकी वस्तू माणूस सहज उचलतो. कोणी रागानं सांगितलं असतं, तर तुम्ही निदान विचार तरी केला असता. मी हसवत सांगितलं, त्यामुळे ते तुम्हाला तुमचंच मत वाटलं. शेठनं आज नुसती काडी ओढली. कडबा मी तीस वर्षं वाळवत होतो. एवढी माणसं आहात, पण तुमच्यात पाहिलेला एकही नाही. आता सांगा, पहिली काठी कोणी घालायची आणि कोणाला?"

मग ते त्या बाईपुढे हात जोडून उभे राहिले. क्षमा हा शब्द त्यांच्या ओठांवर आला असावा, पण तिच्याकडे पाहून त्यांना तो उच्चारवला नाही.

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जुने कोडे सुटल्यावर माणूस पाहतो, तशी ती पाहत होती.

"तरीच," ती म्हणाली. "केरसुणी घिऊन कुनाच्या दारात गेलं, की पोरं आमाला बगून म्यांव म्यांव करत्यात. मी ल्हान हुते तवापासनं करत्यात. का करत्यात, ते कधी कळलं न्हाई. आईला इचारलं, तिलाबी ठाव नव्हतं."

ओळीतल्या कित्येक घरांतली पोरे तसे करत होती. मोठ्यांनी कधी त्यांना दटावले नव्हते.

"ह्ये मी पाची गावांत जाऊन सांगू का?" बाबांनी विचारले. त्यांची शुद्ध भाषा त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे.

"सांगा जावा. माजं नाव नगा घिऊ." एवढे बोलून ती पालात गेली. दुसऱ्या दिवशी गाव त्यांना राहायचा आग्रह करायला निघाले, गेनबा स्वतः भाकऱ्या घेऊन गेला. पण पाले उठली होती.

बाबा आणि शिष्य पायी निघाले. जे वाक्य हसण्यावर बसून पाच गावांत पोहोचले होते, त्याला परत आणायला उन्हातून चालत जावे लागते, हे शिष्याला वाटेत समजले. पाचव्या गावात सभा दाटून भरली होती. बाबांनी सुरुवात केली, "पांढरं दिसतं ते सगळं..."

ते वाक्य पुरे व्हायच्या आत लोक हसू लागले. पुढचे त्यांना पाठ होते. मागून कोणीतरी मांजरासारखा आवाजही काढला.

बाबा थांबले. हसू ओसरायला बराच वेळ लागला. सभेत न हसलेले दोघेच होते, एक बाबा आणि दुसरा शिष्य.

"ते दूधच होतं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून सगळे सांगायला घेतले.