मिर्तो राणी जेवेना

एकदा काय झालं, समुद्रापलीकडे ग्रीस म्हणून देश आहे ना, तिथल्या एका बेटावरची मुलगी आपल्या कोकणात राणी होऊन आली. तिचं नाव मिर्तो. इथल्या नागदत्त राजाची गलबतं मिरी घेऊन तिच्या बेटावर जायची. एकदा राजा स्वतःच गेला. त्यानं तिला पाहिलं, तिनं त्याला पाहिलं, आणि झालं लग्न.

राजा चांगला होता, बरं का. सासूबाई कडक, पण वाईट नव्हत्या. राजवाड्यात कशाला तोटा नव्हता. पण मिर्तो जेवेना.

राजा आधी जेवायचा, त्याच्या महालात. सासूबाई जेवायच्या देवघराशेजारी, सोवळ्यात. राणीचं चांदीचं ताट सगळ्यांत शेवटी, पडद्याआड. पाच दासी वारा घालत उभ्या, पण बोलायचं कोणी नाही. मिर्तो दोन घास खायची आणि हात धुवायची. तिला आठवायची घरामागची टेकडी, बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा, उन्हात वाळत घातलेली अंजिरं, आणि दारात उभी राहून हाका मारणारी आजी. तिकडे आजीला ‘याया’ म्हणतात.

मग मिर्तो वाळली. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायला लागल्या. वैद्यबुवा म्हणाले, “महाराज, असंच चाललं तर राणीसाहेब पावसाळा काढायच्या नाहीत.”

राजा घाबरला. त्यानं गलबत पाठवलं. “राणीच्या गावची फळं आणा!” खलाशांनी ऑलिव्हच्या झाडावरून हिरवी फळं तोडली, टोपली भरून आणली. राजानं हौसेनं एक तोंडात टाकलं. आणि थू थू थू! कडूजहर! मिर्तो म्हणाली, “अहो, ती झाडावरून तोडून खात नाहीत. मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवतात. नाहीतर घाण्यात घालून तेल काढतात. याया काढायची.” आणि ती रडायला लागली.

मग राजानं दुसरं गलबत पाठवलं. “चीज आणा!” तिकडे मेंढीच्या, बकरीच्या दुधाचं पांढरंशुभ्र चीज करतात, खारट, भुसभुशीत. ते ठेवायचं असतं मिठाच्या पाण्यात बुडवून. खलाशांना काय ठाऊक? त्यांनी ते स्वच्छ पुसून, कोरडं करून पेटीत भरलं. इथे येईपर्यंत त्याला हिरवी दाढी फुटली!

मग मिर्तो एकटीच किनाऱ्यावर जाऊन बसली. तेवढ्यात पाण्यातून एक कासव वर आलं. केवढं? खळ्याएवढी त्याची पाठ! कासव म्हणालं, “पोरी, मी चाललोय तुझ्या बेटाकडे. काय आणू?”

मिर्तो म्हणाली, “काही नको रे बाबा. माझी याया कशी आहे, तेवढं बघून ये.”

कासव गेलं. एक दिवस झाला, दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी कासव आलं, आणि पाठीवर कोण? काळं लुगडं नेसल्यासारखी काळ्या कपड्यातली याया! कमरेला तेलाचा बुधला बांधलेला. मिर्तो पाण्यात धावत गेली आणि तिच्या गळ्यात पडली.

यायानं तिचे हात चाचपले. विचारलं, “अगं, तू जेवतेस तेव्हा तुझ्याशी बोलतं कोण?”

“कोणी नाही,” मिर्तो म्हणाली.

मग यायानं पदर खोचावा तसा झगा खोचला. बागेत घोळाची भाजी उगवली होती ना, ती खुडली. “ही तर आमच्याकडेही होते!” भाजी चिरली, वर लिंबू पिळलं, तेलाची धार धरली. पिवळी डाळ गोळा होईपर्यंत घट्ट शिजवली, वर कच्चा कांदा. निखाऱ्यावर बांगडे भाजले. अंगणात लांब फळी मांडली, सगळं मधोमध ठेवलं, आणि राजाला, सासूबाईंना, पाचही दासींना हाक मारली.

सासूबाई दूर उभ्या राहिल्या. “मधल्या ताटात सगळ्यांचे हात? उष्टं होईल की!”

मिर्तोनं यायाला ते त्यांच्या बोलीत सांगितलं. याया हसली. “म्हणावं, तुमच्या वाटणीचं आधी वेगळं काढते. पण बसायचं इथेच, आमच्यात.”

सासूबाई बसल्या, अगदी टोकाला.

यायाच्या बेटावर जेवण भराभर उरकत नाहीत, बरं का. थोडं घ्यायचं, मग बोलायचं, मग थोडं घ्यायचं. यायानं भाकरीचा तुकडा तेलात बुडवून मिर्तोपुढे धरला. मिर्तोनं खाल्ला. मग बेटाबद्दल बोलता बोलता दुसरा, तिसरा. राजा बघतच राहिला. म्हणाला, “मला वाटलं, हिला पदार्थच हवेत!”

तेवढ्यात सासूबाई हळूच म्हणाल्या, “माझ्या माहेरी, घाटावर, हुरडा भाजायचे. आम्ही बहिणी शेकोटीभोवती बसायचो. हाताला चटके बसायचे, तरी हसायचो.”

राजा म्हणाला, “आई, हे कधी सांगितलं नाहीस!”

“चाळीस वर्षांत कोणी विचारलंच नाही रे,” सासूबाई म्हणाल्या, आणि सरकत सरकत मिर्तोजवळ येऊन बसल्या.

मग रोज अंगणात फळी मांडली जाऊ लागली. मिर्तोचे गाल भरले. याया चार महिने राहिली, तृप्त होऊन कासवाच्या पाठीवरून घरी गेली. आणि ती सगळी माणसं सुखानं, गप्पा मारत जेवत राहिली.

झाली गोष्ट. आता डोळे मिटा बघू, आणि पाय पांघरुणात घ्या.