ढगोबाकडचं चोरलेलं पाऊल

आमच्या कोंढगाव कॉलेजच्या मैदानाला ढगोबाच्या डोंगराकडे एक सोडून दोन रेघा आहेत. मध्ये एका पावलाची पट्टी, उघडी, तांबडी. सगळं मैदान हिरवं, पण तेवढ्यावर गवताची काडी नाही. बाहेरगावचे संघ येतात, बुटाच्या टोकाने ती माती उकरतात आणि विचारतात, "मावशी, हे काय?" मग फोटो काढतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. जे थांबतात त्यांना सांगते. तीस वर्षं या मैदानावर रेघांची चुन्याची फक्की मी टाकते. कॉलेजच्या पुस्तकात छापलंय ते आधी डोक्यातून काढा.

असं सांगतात की इंग्रजांच्या राज्यात इथे डॉड नावाचा एक अमेरिकन साहेब शिकवायला आला. येताना अंड्यासारखा लांबट चेंडू घेऊन आला. तो छातीशी धरून पळायचं, समोरच्यांनी पाडायचं, शेवटच्या रेघेपलीकडे पोचलं की गुण. दर दहा पावलांवर एक आडवी रेघ, अशा अकरा रेघा. गडीही अकरा. इथल्या लोकांनी महिनाभर हसून घेतलं. मग शेजारच्या तीन कॉलेजांत साहेबाच्या ओळखीचे लोक होते, त्यांनीही संघ काढले आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत सात सामने ठरले. शेवटी जिंकणाऱ्याला चांदीची ढाल.

आमचा कप्तान इनामदारांचा उदाजी. अंगाने बैल, आणि अक्कलही तितकीच. सहा सामने जिंकले म्हणे. जिंकले, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्या सामन्यापासून गडी मिरवायला लागले. खेळायच्या आधीच गळ्यात हार. चौथ्यापासून मैदानात पाणी मारायचं बंद, पाचव्यापासून स्वतःचे बूट उचलायचं बंद. खांद्याला बांधायच्या कापसाच्या गाद्या केशव नावाचा पोरगा उचलायचा. त्याचा बाप शिंपी. बापाने सगळ्या गाद्या फुकट शिवून दिल्या म्हणून केशवला संघात घेतलं होतं. सहा सामने तो कडेला बसला. एकदाही आत गेला नाही.

आणि रेघा टाकायची माझी आजेसासू. ठकूबाई. पाटी कमरेवर, उजव्या हाताने फक्की सोडायची आणि मागून टाचेने दाबत यायची, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. मापाची दोरी तिला कधी लागली नाही. तिची दहा पावलं म्हणजे दहा पावलं. मैदानाच्या कडेची खोपी कॉलेजची होती. काम होतं तोवर खोपी. आत नवरा दम्याने अंथरुणाला खिळलेला, दोन पोरं.

सातव्या सामन्याच्या सकाळी उदाजी तिच्याजवळ आला. अकराच्या अकरा तिथेच हातपाय मोकळे करत होते.

"ठके, ढगोबाकडची शेवटची रेघ एक पाऊल आत घे."

"का हो धाकटे सरकार?"

"तिकडे चढ आहे. शेवटचं पाऊल जड जातं. शेवटच्या डावात आम्ही तिकडेच धावणार."

"आणि नाणं उलटं पडलं तर?"

"सहा वेळा माझ्या बाजूने पडलंय. सातव्यांदा कुठे जाईल? खोपीत राहायचंय ना? मग घे आत."

अकरा जण हसले. आजेसासूने रेघ आत घेतली. हे पुस्तकात नाही, पण मी सांगते. तीही भ्याली.

नाणं उलटं पडलं. शेवटच्या डावात नदीपलीकडचा संघ ढगोबाकडे धावायला आणि आमचे वीर अडवायला. खेळ संपता संपता त्यांचा एक काटकुळा गडी चेंडू घेऊन निसटला. आमच्या तिघांनी त्याला पाडला, पण तो पडला तो त्या एका पावलात. रेघ होती तिथे असती तर तो अलीकडेच राहिला असता. स्वतः चोरलेल्या पावलात हे हरले.

आता गप्प बसावं की नाही? पण उदाजीला तेवढी बुद्धी असती तर ही गोष्टच झाली नसती. तो ओरडला, "रेघ चुकलीय! मोजा!" साखळी आणली, मोजलं. एक पाऊल कमी. मग त्याने आजेसासूकडे बोट केलं. "या बाईला दहा मोजता येत नाहीत!"

डॉड साहेब माणूस सरळ होता म्हणतात. त्याने निवाडा दिला. बाई चुकली असेल तर सामना शनिवारी पुन्हा, आणि बाईचं काम बंद. पण रेघ कुणी सांगून हलवली असेल तर हार ती हार. ठकूबाईने घडलं ते सांगितलं. साहेबाने अकरा जणांना विचारलं. एकाचंही तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर ढाल गेली असती ना. एका बाजूला चांदीची ढाल, दुसऱ्या बाजूला एका बाईचं छप्पर.

आजेसासूने पाटी उचलली. सामानाच्या खोलीत गेली. सकाळची विझवलेली फक्की संपली होती, फोडलेली चुनकळी होती, कच्ची. ती पाटीत भरली. मधल्या सुट्टीत भिश्त्याने पखालीने पाणी मारलेलं, मैदान ओलं. ओल्यावर कच्चा चुना उकळतो, कातडी भाजतो, हे घराला चुना देणाऱ्या बाईला सांगायला नको. ती अनवाणी पहिल्या रेघेवर उभी राहिली आणि म्हणाली, "मला दहा मोजता येत नाहीत ना? मोजते. एकेक रेघ एकेकाच्या नावाची. ज्याने सकाळी ऐकलंय त्याने येऊन पाटी घ्यावी."

पहिली रेघ वामनरावाच्या नावाची. "वामनराव, ऐकलंत ना?" वामनराव बुटाची नाडी बांधायला वाकले. पुढे वकील झाले म्हणे. शोभलं.

ती रेघ टाकत, टाचेने दाबत निघाली. चौथ्या रेघेला लोकांना करपल्याचा वास आला. साहेब धावत आला, "थांबा बाई, थांबा." ती म्हणाली, "सायेब, तुमचं विचारून झालं. आता माझं चाललंय." सातव्या रेघेला तिची चाल बदलली. दहावीला नदीपलीकडच्या त्या काटकुळ्या पोराने डोक्यावरची टोपी काढली. आमचे अकरा जण तसेच उभे, एकमेकांच्या पाठीमागे लपायला जागा शोधत. आणि मापात एका बोटाचा फरक नव्हता.

अकरावी रेघ उदाजीच्या नावाची. ढगोबाकडची. तिथे तिचा गुडघा टेकला.

तेव्हा कडेचा केशव उठला. बूट काढले, येऊन पाटी धरली. "आई, द्या इकडे. मी गाद्या उन्हात घालत होतो. मी ऐकलं. उदाजीने सांगितलं, एक पाऊल आत घे."

"मग दहा रेघा कुठे होतास रे?" ती म्हणाली.

त्याने पाटी कमरेवर घेतली. दहा रेघा बसून होता, म्हणून मी त्याला देवही म्हणत नाही. पण तो उठला. अनवाणी अकरावी रेघ टाकली, खरी होती तिथे, आणि उरलेला चुना त्या चोरलेल्या पावलावर पालथा केला. तिथे पुन्हा कुणी खेळू नये म्हणून.

ढाल नदीपलीकडे गेली. खोपी राहिली. उदाजी पुढे कॉलेजच्या मंडळावर बसला. ऑफिसात हार घातलेला फोटो आहे, बघून घ्या. केशवचा शोधू नका, नाही.

पुस्तकात लिहिलंय की ढगोबाने चुना थंड केला आणि ठकूबाईच्या पायाला फोडसुद्धा आला नाही. मी सोळाव्या वर्षी या घरात आले. त्या म्हातारीच्या तळव्यांना दोन वर्षं मी तेल लावलं. करपलेल्या भाकरीसारखे होते. देव आला नव्हता. देवाला बोलवायची पाळी यावी इतकी माणसं तिथे उभी होती, त्यांतलं एक लवकर आलं असतं तर पुरलं असतं.

आजही हंगामाच्या पहिल्या दिवशी आमचा संघ अनवाणी रेघा टाकतो, प्रत्येकजण आपलं नाव मोठ्याने सांगून. अकरावी रेघ गेल्या हंगामात एकदाही आत न गेलेल्या पोराची. त्या पाटीला कप्तानाने हात लावायचा नाही. आता फक्की थंड, विकतची, तरी निम्मे जण "मावशी, मोजे चालतील का?" विचारतात. मी पाटी पुढे करते.

आणि त्या पट्टीवर आजही गवत उगवत नाही, असं गावभर सांगतात. तुम्हीही घरी जाऊन सांगाल. उगवतं. दर पावसाळ्यात चांगलं घोट्याएवढं उगवतं. आजेसासू उपटायची, मग सासू उपटायची, आता मी उपटते.