मासेवडीचा पाठीवरचा हेळवी

मासेवडीच्या वेशीपाशी हेळवी बैलावरून उतरतो आणि पाटलांच्या थोरल्या मुलाच्या पाठीवर बसतो. पाहुण्यांना हसू येते. हसू द्यावे, पण तळ्याकाठच्या वीरगळापर्यंत चालताना त्या थोरल्याचा चेहरा जरूर पाहावा.

हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ सांगणारा. मूळपुरुष पांगळा होता, म्हणून पाय घोंगडीत झाकून बैलावरून येण्याची त्यांची रीत. त्याने पिढ्या सांगितल्याशिवाय इकडे सोयरीक होत नसे.

असे सांगतात, की सातगोंडा पाटलाला लेक तायव्वा देसायांकडे द्यायची होती. देसायांना हवे होते वीराचे घराणे. सातगोंडाने सरळ तळ्याकाठच्या वीरगळावर कोरलेल्या वीराकडे बोट केले, "हा आमचाच पूर्वज." दगड काय बोलणार? बोलणारा होता निंगप्पा हेळवी.

"निंग्या, उद्या त्यो वीर आमच्या वंशात घाल. जोंधळा दुप्पट देतो."

"पाटील, त्यो बिरा धनगर. गावाची गुरं सोडवताना मेला. तुमच्या आज्यानं भिऊन वेस लावून घेतली, म्हणून भाईर मेला. वंश काय जोंधळा हाय, हवा तेवढा मापून द्यायला?"

सातगोंडा मोकळेपणाने हसला म्हणे. गड्यांना म्हणाला, "पांगळ्याचं सोंग किती दिस करंल बिचारा? खरा करा रे त्याला." गड्यांनी मुसळाने निंगप्पाचे दोन्ही गुडघे फोडले आणि त्याला वेशीबाहेर टाकले.

पण हेळव्यांची बातमी बैलापेक्षा वेगाने पळते. दुसरा एकही हेळवी मासेवडीला फिरकेना. देसाई उठून गेले. तायव्वाच्या केसांत रुपेरी तार आली, तेव्हा कुठे एका विधुराचे स्थळ आले. त्यालाही पिढ्या ऐकायच्याच होत्या. सातगोंडा निंगप्पाच्या पालावर गेला.

"सांगतो की," निंगप्पा म्हणाला. "पर बैलावर बसवत न्हाई आता. येशीपासून पाठीवर तुमी न्यायचं, माज्यामागं येणाऱ्या हेळव्यालाबी. दरसाल. तुमी, मग तुमचा थोरला, मग त्याचा. आन् नावागणिक हुंकार द्यायचा."

सातगोंडाने हिशेब केला: पांगळ्याचे वजन ते किती! लेक उजवते आहे, तर एवढे ओझे झेपेल.

वीरगळापाशी वराकडचे बसले होते, तायव्वा नटून उभी होती. पाठीवरून निंगप्पा एकेक नाव घेत होता. वेस लावणारा आजा आला. सातगोंडाने हुंकार दिला. मग आवाज चढला: "त्याचा नातू सातगोंडा. यानं वंश सांगणाऱ्याचे पाय मोडले."

निंगप्पाला पाठीवरून झटकून टाकावे, तर वंश अर्धा राहणार आणि लग्न मोडणार. सातगोंडाने लेकीकडे पाहिले आणि "हं" म्हटले.

वराकडची माणसे तरीही उठली. तायव्वा जन्मभर बापाच्याच घरी राहिली.

आजही थोरला हेळव्याला पाठीवर घेतो, कारण न सांगितलेल्या वंशापेक्षा लाजिरवाणा वंश बरा. मध्यंतरी एका थोरल्याने चालता चालता विनवले म्हणे, "मामा, सातगोंडाचं तेवढं नाव गाळा की आता."

"गाळतो की," हेळवी म्हणाला, "पर मग त्याच्या पुढचे तुमी सगळे कुणाचे म्हणून सांगू?"

आणि तो पाठीवर नीट सरकून बसला.